उंबरदरीच्या खिंडीत दाविदची चूक नव्हती

महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत मी नगरच्या छावणीत एका वाहतूक कंपनीत नाईक होतो. माझ्या ताब्यात कॅनेडियन बनावटीची एक तीन टनी लॉरी होती आणि हाताखाली एकच माणूस होता, ड्रायव्हर दाविद यशवंत साळवे. लॉरी युद्ध संपल्यावर मोडीत निघाली. दाविद त्याआधीच गेला. त्याच्या मृत्यूच्या तीन हकिकती आजवर माझ्या कानांवर आल्या आहेत आणि तिन्ही मला अमान्य आहेत.

पहिली हकिकत आमच्या जुन्या कंपनीच्या स्मरणिकेत छापून आली. ती लिहिणारे गृहस्थ त्या काळी ऑफिसात हवालदार-क्लार्क होते. संपूर्ण युद्धात ते लॉरीत बसून नगरच्या वेशीवरच्या केडगावच्या पलीकडे गेल्याचे मला स्मरत नाही. त्यांच्या मते दाविदने लॉरीच्या चाकाला लावायचा ठोकळा चुकीच्या जागी लावला आणि कवायतीचा नियम मोडून तो चाकामागे थांबला. दुसरी हकिकत माजी सैनिकांच्या मेळाव्यात चहाबरोबर मिळते. तीत दाविद घाबरून पळतो आणि पळताना घसरतो. तिसरी उंबरदरीचे लोक सांगतात की खिंडीनेच माणूस मागून घेतला. या तिसऱ्या हकिकतीशी माझे भांडण सर्वांत कमी आहे, कारण तीत निदान दाविदला दोष नाही.

मी तेथे होतो. स्टिअरिंग माझ्या हातात होते. मेळाव्यात बोलणाऱ्यांपैकी एकाच्याही हातात ते नव्हते.

अकोले तालुक्यात राजूरच्या पुढे, भंडारदऱ्याचे धरण एका अंगाला सोडून आत गेले की डोंगरांच्या मध्ये उंबरदरीचे खोरे लागते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाणाऱ्यांना जंगलाची आणि पावसाची सवय व्हावी म्हणून तेथे सतरा जणांची तुकडी ठेवलेली होती. रस्ता बैलगाडीचा. त्यात एक खिंड, आणि खिंडीपलीकडे चार मैलांवर त्यांचे तंबू. तुकडीजवळ वायरलेस सेट होता. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी पाच वाजता ते नगरशी बोलत.

भाद्रपदातल्या एका मंगळवारी पाच वाजता मी सिग्नलच्या खोलीबाहेर उभा होतो. दार उघडे होते. आतले बोलणे मी स्वतः ऐकले.

"उंबरदरी बोलतोय. पाच जण तापात. कोयनेल संपले. बॅटरी उतरली आहे. ओव्हर."

"ताप किती दिवस आहे? ओव्हर."

उत्तरादाखल नुसती खरखर आली. ऑपरेटरने वीस मिनिटे हाका मारल्या. बुधवारी सकाळी सात वाजताही खरखरच होती. मी लढाईतली भीतीही पाहिली आहे. ती आवाजाची भीती असते. पण एक सेट दिलेल्या वेळी बोलत नाही, त्याची भीती वेगळी असते. ती खोलीतल्या सगळ्यांच्या तोंडावर एकदमच येते आणि कोणी कोणाकडे पाहत नाही.

आता ठोकळ्याविषयी सांगितले पाहिजे. नागरी वाचकांना हे साधन ठाऊक नसेल. भरलेली गाडी चढावर थांबली की हातब्रेक एकट्याने तिला धरत नाही. म्हणून ड्रायव्हरचा जोडीदार मागच्या डाव्या चाकाच्या बाजूने पायी चालतो आणि गाडी थांबताच चाकामागे पाचरीसारखा लाकडी ठोकळा सारतो. हात चाकाजवळ जाऊ नये म्हणून ठोकळ्याला चार फुटी दांडा असतो. आमच्याकडे कवायतीत शिकवीत: ठोकळा टाक, बाजूला हो.

आमचा ठोकळा दाविदने स्वतः बाभळीच्या लाकडाचा तासला होता. त्याचा बाप खर्ड्याच्या बाजूला मिशनच्या शाळेत सुतारकाम करी, त्यामुळे दाविदच्या हातात ती कला होती. ठोकळ्याच्या तळाला त्याने जुन्या टायरचे रबर ठोकले होते. ते फाटके, काळे, ओबडधोबड दिसे. पण दगडाला घोरपडीसारखे चिकटे.

त्याच बुधवारी आमच्या कंपनीची मोठी तपासणी होती. पुण्याहून साहेब येणार होते. सर्वांत नीट ठेवलेल्या गाडीला एक लाल झेंडी मिळे आणि ती आठ दिवस बॉनेटवर मिरवता येई. ती मी तीन वेळा जिंकली होती. चौथ्यांदाही ती मलाच मिळणार होती. मंगळवारी दुपारी मी दाविदला ठोकळ्याचे रबर काढायला लावले आणि ठोकळा वरून, खालून, सर्व अंगांनी पांढऱ्या तैलरंगाने रंगवायला सांगितले.

दाविद म्हणाला, "उस्ताद, वरनं रंगवू की. खालनं कशापायी?"

"साहेब उलटा करून बघतात."

"सायेब बगतील. दगुड बगनार हाय का?"

"दावद्या, झेंडी तुझ्या बापाने जिंकली होती का?"

"माजा बाप झेंड्या जिंकत न्हाई, उस्ताद. त्यो निस्तं लाकूड बगून सांगतो, ह्ये कुन्या येड्यानं केलंय."

तो हसत होता. मीही हसलो. त्याने रंगाचे दोन हात दिले. बुधवारी नऊ वाजता साहेबांनी ठोकळा खरोखरच उलटा करून पाहिला आणि मान हलवली. झेंडी मला मिळाली.

त्याच दिवशी बारा वाजता कंपनी कमांडरने मला बोलावले. उंबरदरीला गुरुवारी पहाटे साडेपाचला निघायचे. हिवतापावरच्या कोयनेलची पेटी, दोन बॅटऱ्या, चार्जिंगचे इंजिन, पीठ, डाळ, रॉकेल. सोबत एक नर्सिंग ऑर्डर्ली. मी "जी साहेब" म्हणालो. मी उन्हाळ्यात राजूरपर्यंत दोनदा गेलो होतो. पावसात कधीच नाही, आणि खिंडीपलीकडे तर कोणत्याही ऋतूत नाही. हे मी कमांडरला सांगितले नाही. झेंडी मिळून जेमतेम तीन तास झाले होते.

दुपारभर आम्ही तयारी केली. पेट्रोल, तेल, पाणी, बॅटरी. पाच टायरचा दाब. पंख्याचा जादा पट्टा, स्प्रिंगची दोन जादा पाती, दोन कुदळी, चार फळ्या. मी चाकांना बांधायच्या साखळ्या मागितल्या. स्टोअरमध्ये त्या नव्हत्या. त्याऐवजी काथ्याचा जाड दोर मिळाला. तो मागच्या चाकांना गुंडाळला की चिखलात पकड येते. रोड पास देताना स्मरणिकेतले तेच क्लार्कसाहेब म्हणाले, "नाईक, डोंगरात हवा छान असेल. मजा आहे तुमची." मी पास घेतला आणि सलाम केला नाही. त्यांना हे अजून आठवत असावे.

संध्याकाळी दाविद रबराचा तुकडा आणि मूठभर खिळे घेऊन आला.

"ठोकू का परत? घटकाभराचं काम हाय."

माझी नजर बॉनेटवरच्या झेंडीकडे गेली. ज्या गाडीवर ती असे, तिची आठ दिवसांत कधीही अचानक फेरतपासणी होई, आणि गाडी जशी दाखवली तशीच असावी असा दंडक होता.

"राहू दे. परत आल्यावर ठोक."

"बरं." त्याने खिळे खिशात टाकले.

जे लोक माझ्याशी वाद घालतात, त्यांना हे संभाषण ठाऊक नाही. ते ऐकायला आम्हा दोघांखेरीज कोणी नव्हते.

गुरुवारी पाच वाजून वीस मिनिटांनी मी रेडिएटरपुढे नारळ फोडला. दाविदने टोपी काढून डोळे मिटले आणि आपली प्रार्थना म्हटली. मग एक डोळा उघडून म्हणाला, "देव तुमचा, खोबरं माजं. वाटनी झाली." ऑर्डर्ली रहमान नगरचाच, झेंडीगेटजवळ राहणारा, बोलका माणूस होता. तो औषधाची पेटी मांडीवर घेऊन माझ्या डाव्या बाजूला बसला. दाविद मागे सामानात बसला. साडेपाचला आम्ही फाटकाबाहेर पडलो.

राहुरीपर्यंत पाऊस भुरभुर होता. कोल्हारच्या पुलाखाली प्रवरा तांबडी होऊन चालली होती. संगमनेरला दहा वाजून दहा मिनिटांनी चहा घेतला. तोपर्यंत मागून दाविदचे भजन ऐकू येत होते. त्याचा आवाज चांगला होता आणि ते त्याला ठाऊकही होते. अकोल्यानंतर पाऊस जाड झाला आणि भजन थांबले.

"दावद, गाना क्यूं बंद किया रे?" रहमानने मागच्या झरोक्यातून विचारले.

"डोंगूर बगतोय," दाविद म्हणाला.

मीही तेच पाहत होतो. समोर डोंगर असायला हवे होते आणि तेथे ढगांखेरीज काही नव्हते. रस्ता त्यात शिरत होता.

राजूरला एक चाळीस झाले. तेथे रस्त्याच्या कामावरचा मुकादम धोंडू भेटला. साठीचा, काटक, डोक्यावर पावसासाठी पानांचे इरले घेतलेला महादेव कोळी. आम्हाला उंबरदरीची वाट दाखवायला कोणीतरी हवे होते.

"कंदी जायचं?" त्याने विचारले.

"आत्ता."

त्याने लॉरीभोवती एक फेरी मारली. "परवा खिंडीत माजी बैलं बसली. अर्ध्यातनं माघारी आलो. सोमवारपातूर थांबा."

"पलीकडे सतरा माणसे आहेत. दोन दिवस त्यांचा आवाज नाही."

त्याने इरले डोक्यावर सारखे केले. "मंग मी म्होरं चालतो. येक करा मातुर. ते पांढरं लाकूड हितंच ठिवा. आमी चाकामागं दगुड लावतो. खडबडीत. दोन दगुड घ्या संगं."

"तो फौजेचा ठोकळा आहे. कालच पुण्याच्या साहेबांनी तपासला आहे."

"आसंल. खिंडीला कागूद वाचता येत न्हाई."

दाविद माझ्याकडे पाहत होता. "घेऊ का दगुड, उस्ताद?"

"भार आधीच पुष्कळ आहे," मी म्हणालो.

लॉरीत तीन टनांची जागा होती आणि सामान दोन टनांहून कमी होते.

खिंडीच्या पायथ्याशी पोहोचायला साडेतीन वाजले. चाकांना दोर गुंडाळला. दाविद ठोकळा घेऊन उतरला आणि डाव्या चाकाच्या मागच्या अंगाला चालू लागला. धोंडू पुढे वीस पावलांवर होता. त्याचे इरले तेवढे दिसत होते. उजवीकडे कापलेला कातळ, डावीकडे धुके. त्या धुक्याखाली काय आहे हे मी धोंडूला विचारले नाही. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, आम्ही पंचवीस मिनिटे चढत राहिलो. दर वळणावर मी मागे हाक देत होतो.

"दाविद."

"हाय, उस्ताद."

मला त्याची गरज होती म्हणून मी हाक मारत नव्हतो. मला तो आवाज हवा होता.

माथा पन्नास हातांवर राहिला तेव्हा रस्ता एका सपाट, ओल्या कातळावरून जात होता. तेथे डाव्या चाकावरचा दोर तुटला. चाक जागच्या जागी फिरले, गाडीला झटका बसला आणि इंजिन बंद पडले. मी पायब्रेक दाबला, हातब्रेक ओढला. चारही चाके बांधली गेली. तरीही गाडी मागे सरकत होती. हे सरकणे फार सावकाश होते. वेगात काही घडले तर माणसाला भ्यायला सवड मिळत नाही. आम्हाला ती मिळाली.

"ठोकळा."

"लावला."

गाडी थांबली नाही.

"सरकतोय, उस्ताद. कातळावरनं सरकतोय."

"पुन्हा लाव."

"लावला. थांबत न्हाई."

रहमानने खिडकीतून खाली पाहिले. मग तो समोर पाहू लागला आणि अगदी हळू म्हणाला, "उस्ताद, मेरे बाजू को जमीनच नहीं."

मागून दाविदचा आवाज आला. "जर्सी घालतो खाली." त्याने अंगातली लोकरी जर्सी काढली आणि ठोकळ्याच्या तळाखाली कोंबली. गाडी थांबली. पावसाच्या आवाजाखेरीज सर्व काही थांबले.

"धरले का?"

"हातानं दाबून धरलंय. सोडलं का निघतंय."

म्हणजे तो गुडघ्यावर बसून, चाकाच्या मागे, दोन्ही हातांनी ठोकळा दाबून होता. कवायतीचा नियम मला ठाऊक होता. ठोकळा टाक, बाजूला हो. मी त्याला बाजूला हो म्हणायला हवे होते. दार उघडून माझ्या बाजूने, कातळाच्या अंगाला, मी आणि रहमान उतरू शकत होतो. त्याला चार-पाच सेकंद लागले असते. औषधाची पेटी रहमानच्या मांडीवर होती. तुकडी चार मैलांवर होती. लॉरी दरीत गेली असती, पीठ आणि बॅटऱ्या गेल्या असत्या. पण कोयनेल पायी पोहोचले असते आणि आम्ही चौघेही पोहोचलो असतो.

हे त्या क्षणी मला सुचलेच नाही, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. सुचले होते. आणि त्याच क्षणी समोर बॉनेटवर ती ओली झेंडी दिसत होती, आणि झेंडीची गाडी दरीत घालवून पायी आलेला नाईक म्हणून मी छावणीच्या फाटकातून आत शिरतो आहे, हेही मला दिसले. मृत्यूची भीती मला होती. या दुसऱ्या गोष्टीची अधिक होती.

मी म्हणालो, "धरून ठेव."

"धरलंय," दाविद म्हणाला.

मी स्टार्टर दाबला. इंजिन तिसऱ्या वेळी लागले. पहिला गिअर टाकला, क्लच सोडू लागलो, हातब्रेक सोडला. मागची चाके फिरली पण पकड घेईनात. गाडी मागे गेली. दीड-दोन फूट, त्याहून जास्त नाही. मग उजव्या चाकाला कातळाची कड सापडली आणि गाडी वर निघाली. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सरकलो असतो. माथ्यावर सपाटी आल्यावर गाडी उभी केली आणि हाक मारली. हाकेला उत्तर आले नाही.

चार वाजून पाच मिनिटे झाली होती.

रहमान माझ्याआधी पोहोचला. त्याने दाविदची नाडी पाहिली, मग गळ्यापाशी बोटे ठेवून पाहिली. मग स्वतःची टोपी काढून त्याच्या तोंडावर ठेवली. चाक छातीवरून गेले होते. जर्सी त्याच्या हाताखाली होती. ठोकळा दहा हात खाली जाऊन पडला होता. मी तो उचलून उलटा केला. तळाच्या रंगावर दोन ओरखडे होते. बाकीचा रंग पावसात चकचकत होता. मी ठोकळा दरीत फेकून दिला.

धोंडूने ते पाहिले. रहमान पाठमोरा होता. पुढे धोंडूने आपल्या लोकांना सांगितले की खिंडीने माणूस घेतला. त्याला सर्व कळले होते, तरीही त्याने हेच सांगितले. त्याने मला वाचवले की गेलेल्याची अब्रू राखली, हे विचारायला मी त्या खोऱ्यात परत कधी गेलो नाही.

दाविदला मागे सामानाशेजारी निजवून आम्ही पाच वाजता तंबूंपाशी पोहोचलो. तोपर्यंत आठ जण तापाने पडले होते. रहमानने कोयनेल सुरू केले. ऑपरेटरने नवी बॅटरी जोडली आणि हेडफोन आणि माईक माझ्या हातात दिले.

"उंबरदरी बोलतोय. औषध पोहोचले. गाडी सुस्थितीत. एक माणूस गेला. ओव्हर."

"नाव? ओव्हर."

"ड्रायव्हर साळवे. ओव्हर."

"कारण? ओव्हर."

"अपघात. आउट."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तंबूंच्या वरच्या टेकाडावर आम्ही त्याला पुरले. तुकडीतल्या एका ख्रिस्ती शिपायाने प्रार्थना म्हटली. तो स्वतः तापात होता, दोघांनी त्याला धरले होते. सतराच्या सतरा माणसे जगली. स्मरणिकेत त्यांच्यापैकी नऊ जणांचे छायाचित्र आहे. सगळे हसत आहेत, आणि त्यांनी हसू नये असे मी म्हणणार नाही.

मग कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसले. तीन अधिकारी, एक टेबल, आणि कोपऱ्यात लिहून घ्यायला आमचे हवालदार-क्लार्क.

"ठोकळा सुस्थितीत होता?"

"होय, साहेब. आदल्या दिवशीच तपासला गेला होता."

"तो कोठे आहे?"

"दरीत पडला, साहेब."

"तो सरकला का?"

"सांगता येत नाही, साहेब. मी समोर पाहत होतो."

"मृत चाकामागे का थांबला?"

"सांगता येत नाही, साहेब."

रहमानला विचारले तेव्हा तो म्हणाला की तो पेटी धरून बसला होता आणि त्याने डोळे मिटले होते. हे अर्धे खरे होते. माझा हुकूम त्याने ऐकला होता. बाहेर आल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले नाही, आणि पुढे वर्षभर आम्ही एका छावणीत असूनही त्याने मला उस्ताद म्हटले नाही. निकाल असा झाला की मृताने ठोकळा अयोग्य रीतीने लावला आणि नियम मोडून चाकामागे थांबून राहिला. तसेच पत्र खर्ड्याला त्याच्या घरी गेले.

म्हणजे पाहा, क्लार्कसाहेबांना मी मेळाव्यात दोनदा खोटारडे म्हणालो आहे. एकदा तर लोकांना आम्हाला बाजूला करावे लागले. न्यायाने सांगायचे तर त्यांनी काहीही रचलेले नाही. माझे खोटे त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले आणि पुढे छापले. तरीही मी त्यांची क्षमा मागणार नाही. दाविदला ते ओळखत होते. तो ठोकळा चुकीचा लावणारा माणूस नव्हता हे छावणीत सर्वांना ठाऊक होते, आणि लिहिताना त्यांची लेखणी एकदा तरी अडायला हवी होती. जे दाविद घाबरून पळाला असे म्हणतात, त्यांच्याशी मात्र मी या वयातही हातघाईवर यायला तयार आहे. त्या चढावर घाबरलेला माणूस एकच होता आणि तो स्टिअरिंगवर बसला होता.

मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. त्यानंतर पहिले काम म्हणून खर्ड्याला गेलो. दाविदला जाऊन तोवर बारा वर्षे झाली होती. त्याचा बाप, यशवंत मिस्त्री, किल्ल्याच्या अलीकडे एका लिंबाखाली बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्या भरत बसला होता. मी नाव सांगितले. त्याने मला बसायला फळी दिली आणि काम चालू ठेवले. मी मंगळवारच्या दुपारपासून सुरुवात केली. रबर, रंग, खिळे, झेंडी, धोंडूचे दगड, माझा हुकूम, दरीत फेकलेला ठोकळा, कोर्टातली उत्तरे. काहीही वगळले नाही. रंगाशी आलो तेव्हा त्याचा हात थांबला.

"तळाला?" त्याने विचारले.

"तळाला."

"त्यानं दिला रंग?"

"माझ्या सांगण्यावरून. तो नको म्हणत होता."

म्हाताऱ्याने हातातला लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला. मला वाटले तो मला मारील. मारायला हवे होते.

"चाकाला लाकूड कसं लावायचं त्ये म्याच शिकवलंतं त्याला," तो म्हणाला. "ल्हान हुता तवा. गाडीखाली नेऊन, हात धरून. तुमचं पत्र आलं, का लाकूड वंगाळ लावलं म्हनून पोरगं मेलं. बारा वर्सं झाली. मला वाटायचं, माजंच शिकवनं चुकलं."

"नाही चुकले, मिस्त्री."

"न्हाई चुकलं," तो म्हणाला. त्याने ते विचारले नाही. स्वतःलाच ऐकवल्यासारखे सांगितले. मग आत हाक मारली, "पावण्याला पानी द्या," आणि मला म्हणाला, "पानी प्या आन जा. परत येऊ नका."

मी परत गेलो नाही.

निकाल बदलून मिळावा म्हणून मी दोन अर्ज केले. दोन्हींना उत्तर आले की ते कागद आता उपलब्ध नाहीत. म्हणून हे येथे लिहिले आहे. कंपनीची पुढची स्मरणिका निघणार असल्याचे समजते. तीत गेलेल्यांच्या यादीत त्याचे नाव प्रथमच यावे आणि ते असे छापावे, एक शब्दही न बदलता:

ड्रायव्हर दाविद यशवंत साळवे, वय बावीस, राहणार खर्डा. उंबरदरीच्या खिंडीत ठोकळा बरोबर लावला. नाईकाच्या हुकमावरून चाकामागे थांबला.